कुर्ल्याची चकाकी

कुर्ला पाहावयास म्हणून मुद्दाम कोणी जात नाही. मुंबईच्या पाहुण्याने गेटवे पाहावा, राणीचा बाग पाहावा, सायंकाळी चौपाटीवर बसावे आणि रात्रीच्या गाडीने परत फिरावे, असाच बहुधा रिवाज आहे. कुर्ला हे त्याच्या दृष्टीने गाडी बदलण्याचे एक गर्दीचे स्टेशन! तेथील पुलावरून लोटणारा माणसांचा लोंढा पाहून तो अंग चोरतो आणि पुढील गाडी पकडतो. तथापि ज्यास जुन्या वस्तूंविषयी आस्था आहे, त्याने एक दिवस काढून कुर्ल्यास पश्चिमेच्या बाजूने अवश्य उतरावे. तेथे देवालय नाही, किल्ला नाही, की सृष्टिसौंदर्यही नाही. परंतु मळलेल्या धातूस पुन्हा तेज कसे येते आणि त्या तेजाची किंमत काय पडते, हे पाहावयाचे असेल तर त्यासारखे स्थळ नाही.

ह्या गावास मोटारीचा संबंध आजकालचा नव्हे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. जहाजे, विमाने आणि मोटारी ह्या तिन्ही गोष्टी देशात झाल्या पाहिजेत, हा त्या पुरुषाचा ध्यास होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली मोटारी बाहेर पडू लागल्या. आरंभी ह्या गाड्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या होत्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ पासून ‘फियाट अकराशे’ ही गाडी येथे तयार होऊ लागली आणि मध्यम वर्गाच्या कुटुंबांत ती घरच्या मुलीसारखी वागू लागली. १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. काळ्यापिवळ्या रंगात हीच पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या भाडे वाहात राहिली. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. आणि टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने, २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आता ती उरली आहे ती हौशी लोकांच्या वाड्यांत व गॅरेजांत.

आमच्या एका स्नेह्यांकडे १९६८ सालची अशी एक फियाट आहे. आमचे स्नेही सेवानिवृत्त अध्यापक; गाडी त्यांच्या दिवंगत वडिलांची. यंत्र सुरू होते, रंगही नवा दिलेला आहे. पण गाडीच्या अंगावरील चकचकीत पट्ट्या, बंपर, दाराच्या मुठी आणि चाकांवरच्या टोप्या ह्यांनी मात्र हट्ट धरला होता. कोठे गंजाचे तांबडे ठिपके, कोठे पांढरी बुरशीसारखी पुटे, कोठे पोचे. पुण्यात दोन-तीन ठिकाणी दाखवून समाधान होईना. शालू उंची असावा आणि त्याचे काठ विरलेले असावे, तशी ती गाडी दिसे. तेव्हा तिच्या माहेरीच जाऊन यावे असे ठरले. पावसाळा सरल्यावर एके दिवशी आम्ही दोघे त्या गाडीत बसून घाट उतरलो आणि दुपारच्या सुमारास कुर्ल्यास पोहोचलो.

कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या दोन्ही अंगांस जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. दारांचे ढीग, काचांच्या चवडी, दोरीला माळेसारख्या ओवलेल्या चाकांच्या टोप्या, ह्यांतून वाट काढीत चालावे लागते. मध्येच एक पूल लागतो. त्याखालून जे काळे पाणी संथपणे वाहते ती मिठी नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहात ती माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ह्याच नदीने कुर्ला आणि कलिना पाण्याखाली घेतले होते. नाव मिठी, परंतु तिच्याकडे पाहून ते नाव घेण्यास जीभ धजत नाही. ह्या नदीचा आमच्या पट्ट्यांशी काय संबंध, हे आम्हांस संध्याकाळी कळावयाचे होते.

मिस्त्रींचे दुकान म्हणजे दहा हात लांबीची एक खोली. मिस्त्री मूळचे रत्नागिरीकडचे, वय साठीच्या पुढे, बोलणे मोजके. आमच्या स्नेह्यांनी गाडी दाखविली आणि “सगळे आरशासारखे करून द्या,” असे सांगितले. मिस्त्रींनी काहीच उत्तर दिले नाही. खिशातून एक लहान लोहचुंबक काढून ते गाडीभोवती फिरले. येथे लाव, तेथे लाव, असे चालले होते. मग म्हणाले, “मास्तर, ही चार जातींची माणसे आहेत. सगळ्यांना एकच औषध दिलेत तर दोन बरी होतील आणि दोन मरतील.”

ह्या एका वाक्यात त्या सर्व विद्येचे सार आहे. डोळ्यांस सर्व काही रुपेरी दिसते. परंतु त्या काळच्या मोटारींवर चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, पोलादावर चढविलेला निकल व क्रोमियमचा मुलामा. बंपर बहुधा ह्या जातीचे. दुसरी, जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव काम व त्यावर तोच मुलामा; मुठी आणि मानचिन्हे ही अशी असतात. तिसरी, आरपार स्टेनलेस पोलाद. चौथी, ॲल्युमिनियम, आणि त्यावर विजेच्या साहाय्याने मुद्दाम चढविलेले त्याच्याच भस्माचे कठीण कवच. पोलादास चुंबक घट्ट धरतो. जस्तास व ॲल्युमिनियमास मुळीच धरीत नाही. स्टेनलेसच्या काही जातींस धरतो, काहींस नाही. म्हणून एकट्या चुंबकावर भिस्त ठेवून चालत नाही. वजन पाहावे लागते, पट्टीची मागची बाजू खरवडून पाहावी लागते. ॲल्युमिनियमवरील कवचातून वीज जात नाही, म्हणून सेल व लहानसा दिवा जोडूनही त्याची परीक्षा करतात.

ह्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांस ही विद्या ठाऊकच होती. तांब्यापितळेस चिंच लावावी. पण सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचे पातेले ठेवू नये, ते काळे पडते. आणि चांदी राखेने घासू नये, ओरखडते. चिंचेतील आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळविते, म्हणून ते भांडे उजळते. कोणती वस्तू कोणास मानवते हे जाणणे हीच खरी स्वच्छता. मोटारीच्या दुकानात तीच विद्या चुंबक हाती घेऊन उभी होती, इतकेच.

प्रथम पट्ट्या काढण्याचे काम. हे दिसावयास सोपे आणि करावयास अवघड. पट्टी आतून लहान खिट्ट्यांनी व मळसूत्रांनी अडकविलेली असते; पन्नास वर्षांच्या गंजाने त्या खिट्ट्या जाग्यावर घट्ट बसतात. बाहेरून जोर करून उपटली की पट्टीस जी घडी पडते ती जन्मभर जात नाही. मिस्त्रींनी दाराचे आतील अस्तर काढले, प्रत्येक मळसूत्रावर गंज सोडविणारे तेल घातले, आणि आम्हांस चहा मागविला. तेलास वेळ द्यावयाचा, हे त्या चहाचे कारण! तासाभराने लाकडी पाचर घालून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, थोडी थोडी करीत त्यांनी पट्टी सोडविली. हट्टी वस्तूपुढे उतावीळ माणूस नेहमी हरतो, हे आम्ही त्या एका तासात शिकलो.

स्टेनलेसच्या पट्टीवर दोन पोचे होते. पट्टी उताणी घालून, खाली कठीण लाकूड ठेवून, बोटाएवढ्या हातोडीने पोच्याच्या मागे हलके हलके ठोके देणे सुरू झाले. एक मोठा घाव घातला तर पत्रा फुगतो; लहान शंभर घावांनी तो आपल्या जागी येतो. मग वरून बारीक कानस फिरविली. जेथे कानशीचा ओरखडा उमटेल तो उंचवटा, जेथे जुनी चमक तशीच राहील तो खळगा. अशी कानशीची साक्ष घेत घेत पृष्ठभाग सपाट झाला. त्यानंतर पाण्याचा कागद: प्रथम २२० नंबर, मग ३२०, ४००, ६०० आणि शेवटी १०००. प्रत्येक नवा कागद आधीच्या घासणीच्या काटकोनात चालवावयाचा. म्हणजे मागचे ओरखडे आडवे दिसतात व ते पुरते गेल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्यांनी मध्यली पायरी गाळली, त्यांचे पाप शेवटच्या चकाकीत उघडे पडते.

शेवटी बफ. विजेवर गरगर फिरणारे कापडाचे चाक, त्यावर मेणासारखा मसाला लावलेला. पट्टी लाकडाच्या पाठीवर बांधून चाकाच्या खालच्या अंगास धरतात, आणि चाक पट्टीच्या कडेवरून बाहेर जाईल अशा बेताने धरतात. उलट धरली तर चाक ती कड पकडते आणि पट्टी हातातून हिसकावून तलवारीसारखी भिरकावते. मिस्त्रींच्या डाव्या मनगटावर त्याची एक जुनी खूण होती. ॲल्युमिनियमसाठी त्यांचे चाक वेगळे असते. कारण ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि पोलादाची ठिणगी एकत्र आली तर भडका उडण्याचे भय असते.

ॲल्युमिनियमच्या पट्टीचा प्रकार निराळाच. तीवर पांढरी पुटे आली होती. आमच्या स्नेह्यांनी पुण्यात आठ दिवस तिजवर नाना प्रकारचे पॉलिश खर्ची घातले होते, आणि पट्टी जशीच्या तशी! कारण वरचे कवच म्हणजे ॲल्युमिनियमचे भस्म. माणिक व नीलम ही रत्ने मूळ ह्याच द्रव्याची. त्यास कापडाने घासून काय होणार? मिस्त्रींनी हातमोजे व चष्मा चढवून, कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात ती पट्टी थोडा वेळ बुडविली. पाणी फसफसू लागताच ती उचलून भरपूर पाण्याने धुतली. कवच गेले, खाली मऊ, उघडा धातू. आता तो लीलया उजळतो, परंतु तितक्याच लीलया मळतोही. म्हणून पुन्हा विजेचे कवच चढवावे, किंवा मेण लावून दर काही महिन्यांनी जपावे.

राहता राहिला बंपर. येथे मिस्त्रींनी हात टेकले. “हे घासून जायचे नाही. हे आतून आले आहे,” ते म्हणाले. क्रोमियम हा धातू १७९७ साली वॉक्लँ ह्या फ्रेंच रसायनज्ञाने शोधिला. परंतु मोटारीवर त्याचा मुलामा चढू लागला तो १९२० नंतर. त्यापूर्वी पितळ असे, मग निकल आले. बंपरवर जे आपण पाहतो ते क्रोमियम इतके पातळ असते, की त्याची जाडी बहुधा अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ह्याच्या शेकडोपट जाड असतो. खरे रक्षण करतो तो त्याखालील निकलचा थर. क्रोमियममध्ये डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यांतून समुद्राकडील खारी हवा निकलपर्यंत, आणि कालांतराने पोलादापर्यंत पोहोचते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो आतून फुगतो आणि मुलामा फोड आल्यासारखा उचलतो. असे झाले की सर्व जुना मुलामा उतरवून, पोलाद घासून, तांबे, निकल आणि क्रोमियम असे थर नव्याने चढविण्यावाचून गत्यंतर नाही.

त्यासाठी सायंकाळी आम्ही मुलाम्याच्या एका कारखान्यात गेलो. मोठमोठ्या हौदांत रंगीत पाणी. एकात निळसर, एकात हिरवे, आणि शेवटच्या हौदात गडद तांबूस. हा शेवटचा क्रोमिक आम्लाचा. तेथील वाफ नाकात जाऊ नये म्हणून हौदाच्या कडेने हवा ओढून घेणारी नळकांडी बसविली होती आणि कामकरी लोकांनी मुखवटे घातले होते. मिस्त्री बाहेरच उभे राहिले. परत येताना त्यांनी कारण सांगितले. त्यांचे वडीलबंधू तरुणपणी अशाच एका हौदावर काम करीत. त्या काळी तेथे ना नळकांडी, ना मुखवटे. हातांस जखमा होत, त्या महिनोन् महिने भरून येत नसत. आणि पुढे नाकाच्या आतील पडद्यास भोक पडले. क्रोमियमच्या ह्या जातीने असे होते आणि फुप्फुसाचा कर्करोगही होतो, हे वैद्यकास आता पुरते ठाऊक आहे. हौदांतील पाणी शुद्ध न करता गटारात सोडले तर ते नदीला जाते. म्हणून आता ह्या पाण्यातील विषारी क्रोमियम रासायनिक रीतीने सौम्य जातीत पालटून, खाली बसवून, मगच पाणी सोडावे लागते; आणि कित्येक ठिकाणी त्या सौम्य जातीच्याच क्रोमियमने मुलामा देण्याची रीतही चालू झाली आहे. दुपारी पुलाखाली पाहिलेले मिठीचे काळे पाणी आम्हांस आठवले. ते काही एकट्या मुलाम्याने काळे केलेले नाही. शहराची सारी घाण तीत येते. तरीही आपल्या हौसेचा एखादा थेंब तीत आहे की नाही, हे विचारण्याचे कर्तव्य आपलेच आहे. मिस्त्रींनी स्वस्त कारखाने सोडून हा महाग कारखाना का धरला, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आता एकच गोष्ट उरली होती. चालकाच्या दाराची मूठ. तिच्यावर गंज नव्हता, पोचा नव्हता. परंतु मध्यभागी क्रोमियमची निळसर झाक जाऊन निकलचा किंचित पिवळा रंग उघडा पडला होता. आम्हांस वाटले, हातांच्या स्पर्शाने ती झिजली. मिस्त्री म्हणाले, “हाताने नाही. पॉलिशने. कोणीतरी वर्षानुवर्षे नेमाने घासली आहे.” आमचे स्नेही स्तब्ध झाले. त्यांचे वडील दर रविवारी सकाळी स्नानापूर्वी, पितळेच्या समयांस लावावयाचे पॉलिश घेऊन, गाडीच्या सर्व मुठी स्वतः घाशीत. तीस वर्षांच्या त्या निष्ठेनेच मुलामा खाल्ला होता!

“ही मूठ आहे तशी राहू द्या,” स्नेही म्हणाले. “बाबांचा हात आहे हा.” मिस्त्रींनी मान डोलाविली, पण म्हणाले, “घरी एकदा विचारा.” स्नेह्यांनी पुण्यास मातोश्रींना टेलिफोन केला. त्यांचे वय शहाऐंशी. आवाज मात्र खणखणीत. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “अरे, ते असते तर त्यांनी ही मूठ अशी राहू दिली असती का? डाग दिसला की त्यांना चैन पडत नसे. नवी करून आण. आणि आता पुन्हा त्या पॉलिशने घासू नकोस म्हणजे झाले.”

मूठ मुलाम्यास गेली. आम्ही त्या उत्तराचा पुष्कळ विचार केला. जुन्या वस्तूवरची झीज जपावी, हा एक पक्ष. ती वस्तू ज्याने जपली त्याची रीत पुढे चालवावी, हा दुसरा. पहिला पक्ष आज सुशिक्षितांत अधिक मान्य आहे; परंतु त्या वृद्ध माउलीने नवऱ्याच्या हाताच्या खुणेपेक्षा त्याचा स्वभाव ओळखला होता, आणि ज्या सवयीने नुकसान झाले ती सवय तेवढी प्रेमाने वगळली होती.

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल, त्यांस आमचे दोन शब्द. मुलाम्यावर वाळू, राख, पितळेचे पॉलिश किंवा खरखरीत घासणी कधीही चालवू नये. साबणाचे कोमट पाणी, मऊ फडके, कोरडे पुसणे आणि वर मेणाचा हात; इतकेच पुष्कळ. पावसाळ्यात व समुद्रकाठी हे अधिक वेळा करावे. वरवरचे गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यात भिजवून हलके फिरवावा. तो क्रोमियमपेक्षा मऊ असल्याने त्यास ओरखडत नाही आणि गंज मात्र काढतो. आणि नवा मुलामा द्यावाच लागला, तर भाव विचारण्यापूर्वी त्या कारखान्याचे पाणी कोठे जाते, हे विचारावे.

प्रत्येक चकाकीच्या वेळी धातूचा एक थर जातो आणि कोणाच्या तरी श्वासात त्याची भुकटी जाते. म्हणून कमी घासावे, वेळेवर पुसावे, आणि हात लावण्यापूर्वी समोरचा धातू कोणता ते ओळखावे. कुर्ल्यास जे आम्ही पाहिले ते एवढेच. पण परतीच्या वाटेवर, घाटातल्या अंधारात समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्या उजळलेल्या पट्ट्यांवरून सरकत जात होते, आणि आमचे स्नेही गाडी नेहमीपेक्षा सावकाश हाकीत होते.